डाव्या चाकावरची खूण

७ तारीख, सोमवार

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. मनातून किती निघाले ते विचारू नकोस. इकडे सर्व ठीक. गॅरेजच्या पाटीचा एक खिळा निसटलाय, ती वाऱ्यानं दिवसभर कुरकुरते. समोरचा शिंपी म्हणतो, एक तर ठोका नाही तर उतरवा, पण कान किटवू नका. बाबा जेवतात, झोपतात, विचारलं तेवढं बोलतात. तिकडे तू, तुझी बायको आणि तुझं नवंकोरं गॅरेज मजेत असेलच.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी मुद्द्यावर आले की नेमकी तुझी रेंज जाते. "ताई, आवाज तुटतोय," म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदाची रेंज जात नाही. पाकीट तुझ्या बायकोच्या हाती आधी पडलं तर तिनंही खुशाल वाचावं, माझी काही हरकत नाही.

आता कामाचं. बाबांचा गॅरेजातला शर्ट धुवायला काढला होता. त्यांच्या खिशात काय निघेल त्याचा नेम नसतो, म्हणून भिजवायच्या आधी मी खिसे उलटे करते. या वेळी सर्किलप निघाली. आपल्या जुन्या गाडीच्या, हत्तीणीच्या, पुढच्या शाफ्टच्या टोकाला, हबच्या झाकणाआड बसते ती. पोलादाची एवढीशी, एका बाजूला उघडी कडी, पण शाफ्ट आत सरकू नये म्हणून तिथं तीच काय ती असते. ग्रीस पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. मी विचारलं, ही कुठली? तर म्हणाले, आता मला कुठं काय आठवतं. आणि माझ्या हातातून घेऊन अंगातल्या शर्टाच्या खिशात टाकली.

डोळे मिटून नुसत्या बोटांनी बोल्टचं माप सांगणारा माणूस हा. त्याला सर्किलप कुठली ते आठवत नाही, यावर तू विश्वास ठेवशील. मी नाही ठेवत.

तुला इथलं दिसत नाही म्हणून सांगते. दारावर थाप पडली की बाबा आता उठत नाहीत. आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, "दार वाजलं का गं? का मलाच वाटलं?" मी हो म्हटलं तर जातात. परवा मी मागे कपडे वाळत घालत होते, तर बाहेर माणूस थापा मारमारून निघून गेला. बाबा आत खुर्चीत बसून होते. ऐकू आलं नाही का, म्हटलं. तर म्हणाले, आलं होतं, पण तू नव्हतीस ना विचारायला.

हे कशामुळे झालं ते माझ्याइतकंच तुलाही ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तू आलास तेव्हा मी नर्सबाईंच्या उशाशी दवाखान्यात होते आणि इथं तू काय बोललास ते मला दुसऱ्यांच्या तोंडून कळलं. डोंगरावरच्या वस्त्यांना नर्सबाईंना घेऊन जायची फेरी बाबा मारत आले, ती तू शाळेत जायच्याही आधीपासून. कधी खरचटलंसुद्धा नाही गाडीला. त्या दिवशी वरच्या वळणावर स्टिअरिंग अडलं आणि हत्तीण कठड्यावर गेली. नर्सबाईंचं मनगट मोडलं. बाबांनी एवढंच सांगितलं, की चाक वळलं नाही. आणि तू दुसऱ्या दिवशी येऊन दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांसमोर, शिंप्यासमोर, आल्यागेल्या सगळ्यांसमोर काय म्हणालास? "बाबांना नसलेले आवाज ऐकू येतात. गाडी डावीकडून वाजते म्हणून महिनाभर मला फोन करत होते. त्यांचं वय झालंय, आता त्यांच्या हातात गाडी नको." आणि किल्ली मागितलीस. त्यांनी दिली. तू ती खिशात घालून गेलास.

तर ऐक. नर्सबाईंचा हात आता प्लास्टरमधून सुटला. चार दिवस बदली आलेला ड्रायव्हर वरच्या वळणाच्या पुढे जातच नाही, रस्ता बघूनच त्याला घाम फुटतो. वरच्या वस्तीतली माणसं आजारी पडायची थांबलेली नाहीत. म्हणून मी हत्तीणीचा पत्रा ठोकून सरळ केला, रेडिएटर झाळून घेतला आणि वायरी जोडून तिला चालू केलं. किल्लीवाचून गाडी चालू करायला तूच शिकवलं होतंस मला, तेव्हा तक्रार करू नकोस.

आधी दोन्ही हब फ्री ठेवून गल्लीतून एक चक्कर मारली. पुढून चकार शब्द नाही. मग खाली उतरून हब लॉक केले, म्हणजे चाकाबरोबर आतला शाफ्टही फिरायला लागला. तुला माहीत आहेच, पण लिहिते, कारण हल्ली तुला बरंच काही विसरायला होतं. तर डावीकडून टक, टक, टक, चाकाच्या चालीनं. बेअरिंग असतं तर हब फ्री असतानाही वाजलं असतं. डावीकडे पूर्ण वळवली तर खाडकन आवाज, आणि स्टिअरिंग माझ्या हातात क्षणभर अडकून बसलं. गल्लीत होते म्हणून बरं.

म्हणजे आवाज आहे. मला ऐकू आला आणि माझं वय झालेलं नाही. शिंपीसुद्धा शिवणयंत्र थांबवून बाहेर आला.

त्या हबला शेवटचा हात तुझा लागला होता, तू शहरात जायला निघालास त्या दिवशी. शाफ्टला धरून ठेवणारा बुश नवा घालतो, जाता जाता तेवढं करून जातो, म्हणाला होतास. मी आरोप करत नाही, विचारते आहे. काय काय केलं होतंस ते आठवून सविस्तर कळव. वाट बघते.

तुझी,
ताई


२१ तारीख, सोमवार

धाकट्या,

आशीर्वाद या खेपेला राखून ठेवते.

तुझं उत्तर आलं. एवढ्या मोठ्या पत्राला फोनवर दोन ओळी. "ताई, जुनी गाडी आहे, वाजणारच. उगाच उघडत बसू नकोस, भंगारवाल्याला पाठवतो." मी तुला पंचपक्वान्नं वाढली आणि तू तोंडाला पानं पुसून मोकळा झालास. आणि जुनी गाडी वाजणारच, हे वाक्य तुझ्या नव्या गॅरेजात पाटीवर लिहून लाव. बघू किती गिऱ्हाइकं येतात.

भंगारवाला खरंच आला. सकाळीच दारात टेम्पो लावून उभा. बरोबर गॅस कटरची टाकी. माणूस बिचारा गरीब, त्याच्याशी माझं काही भांडण नाही. मी म्हटलं, गाडी द्यायची नाही. तो म्हणाला, ताई, तुमच्या भावानं सांगितलंय. मी म्हटलं, भाऊ राहतो कुठं आणि गाडी उभी कुठं आहे? तेव्हा तो डोकं खाजवत म्हणाला, "बरं, सगळी नको तर नको. पण पुढचा अ‍ॅक्सल तरी आजच काढून न्या, असं बजावलंय त्यांनी. बाकीची सावकाश घ्या म्हणाले."

मी दोनदा विचारलं. दोनदा तेच म्हणाला.

त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. मग तिथंच बाकावर बसून राहिले. डोक्यात राख घालून तुला फोन करणार होते. पण बाबांनी आपल्याला काय शिकवलंय? आधी ऐकायचं, मग बघायचं, मग पाना उचलायचा आणि तोंड सगळ्यात शेवटी. ऐकून झालं होतं. आता बघायचं होतं.

पुढची बाजू जॅकवर उचलली, खाली स्टँड दिले. डावं चाक वर-खाली धरून हलवलं. घट्ट. बेअरिंगचा प्ले नाही, म्हणजे गल्लीतला अंदाज बरोबर होता. मग खाली शिरून चाकामागचा शाफ्ट मुठीत धरला आणि वर-खाली हलवला. हलला की रे. तुझा नवा बुश, आणि त्यात शाफ्ट लटलट हलतोय. मग आत-बाहेर ढकलून पाहिला, तर सरळ आत सरकला आणि सांध्यावर जाऊन आदळला. टक. तोच आवाज. बाबांनी महिनाभर तुझ्या कानाशी वाजवलेला. शाफ्ट असा आत सरकला की सांधा आपली जागा सोडतो आणि वळणावर चाकच अडवून धरतो. वरच्या वळणावर तेच झालं. बाबा म्हणाले होते, चाक वळलं नाही. चाक खरंच वळलं नव्हतं.

मग बाहेर आले आणि हबचं झाकण निरखून पाहिलं. बोल्टवरची खूण बघितली. खूण पांढरी होती.

आपल्या घरातली ही रीत बाहेरच्याला सांगितली तर तो हसेल. दुसऱ्यांच्या गॅरेजात बोल्ट आवळला की आवळला. आपल्याकडे ज्यानं आवळला त्यानं त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. बाबांचा पांढरा, माझा लाल, तुझा पिवळा. ठिपका सगळ्यात शेवटी, आणि ज्याचा ठिपका त्याची जबाबदारी. तू लहान असताना हट्टानं पिवळा मागून घेतलास आणि पहिल्याच दिवशी बाबांच्या चपलांवर, माझ्या दप्तरावर आणि शिंप्याच्या दाराच्या कडीवर ठिपके देऊन आलास. शिंप्याच्या कडीवरचा अजून आहे.

आणि डाव्या हबवर पांढरा ठिपका. म्हणजे तुझ्यानंतर बाबांनी झाकण उघडलं होतं, सर्किलप काढून खिशात टाकली होती आणि घालायची विसरले होते. म्हणजे तू बोललास ते खरं होतं. मी तिथं जमिनीवर बसले आणि किती वेळ नुसती त्या ठिपक्याकडे बघत राहिले. मला तेव्हा कसं वाटलं ते तुला सांगण्यात अर्थ नाही. तुझ्यावरचा राग एका क्षणात गेला आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

मग माझ्या लक्षात आलं, की ठिपका फार पांढरा आहे. कठड्याची धूळ, वरच्या रस्त्याचा चिखल, सगळं त्या झाकणावर बसलेलं, आणि ठिपका मात्र त्या धुळीच्या वर. अपघातानंतर दिलेला. अपघातानंतर माझी गल्लीतली चक्कर सोडली तर गाडी हललेली नाही, पुढच्या चाकांत कुणी काही दुरुस्त केलेलं नाही, मग खूण कशाची? रॉकेलच्या बोळ्यानं घासलं. पांढरा निघाला. खाली पिवळा होता. प्रत्येक बोल्टवर, एकूण एक.

झाकण उघडलं. आत सर्किलप नव्हती. तिची खाच ग्रीसनं गच्च, या खेपेला तिच्यात काही बसल्याची निशाणीही नाही.

आता तूच सांग. सर्किलप न बसवता झाकण लावलं कुणी? लावून वर ऐटीत ठिपके दिले कुणी? आणि कळल्यावर पुढचा अ‍ॅक्सल आजच काढून न्या म्हणून टेम्पो पाठवला कुणी? खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही. चूक होते, धाकट्या. माझ्या हातून किती झाल्या त्या तुला पाठ आहेत आणि तू त्या चारचौघांत सांगून हसवतोसही. चुकीबद्दल मी तुला एक अक्षर बोलले नसते. पण तू आपली चूक बापाच्या कानांवर ढकललीस. तो महिनाभर तुला फोन करून करून सांगत होता, बाबा रे, डावीकडे काहीतरी सुटलंय, आणि त्याचं ते सांगणंच तू त्याला वेडा ठरवायला वापरलंस. याला काय म्हणायचं ते मला येतं, पण पत्रात लिहिण्यासारखं नाही.

बाबांशी अजून बोलले नाही. पांढरा डबा त्यांच्या फळीवर असतो आणि ब्रश ओला करून परत धुऊन ठेवायची सवय त्यांचीच. कुणी झाकलं हे कळायला मला पंचांग लागत नाही. का झाकलं ते त्यांच्या तोंडून ऐकायचंय.

तोवर फोन करू नकोस. मी उचलणार नाही.

ताई


२ तारीख, शुक्रवार

धाकट्या,

तुझे फोन येऊन गेलेले दिसले. उचलले नाहीत. तू बायकोला फोन करायला लावलास तोही नाही. तिचा यात काही दोष नाही, तिला तसं सांग. आणि तिला हे पत्र वाचू दे, अशी माझी इच्छा आहे.

बाबांशी बोलले. बोलले म्हणजे, रॉकेलनं घासलेलं झाकण त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते बघून त्यांनी आधी खिशातली सर्किलप काढली आणि झाकणाच्या शेजारी ठेवली. मग म्हणाले, "तुला कळणार हे मला ठाऊक होतं. त्याला कळवू नकोस."

त्यांना अपघाताच्या दिवशीच सगळं समजलं होतं. गाडी ओढून आणली, तू अजून यायचा होतास, तेवढ्यात त्यांनी खाली वाकून शाफ्ट हलवून बघितला. मग ते तुझ्या बाकाकडे गेले. ग्रीसच्या डब्याच्या झाकणात, तू ठेवली होतीस तिथंच, सर्किलप पडलेली होती. ती उचलली, तुझ्या पिवळ्यावर पांढरं ओढलं आणि हात धुऊन तुझी वाट बघत बसले. त्यांना वाटलं होतं, तू येशील, गाडीखाली वाकशील, तुला दिसेल आणि मग बाप-लेक मिळून काय ते बघून घेऊ. तू वाकलास की नाही ते मला माहीत नाही. बाबा म्हणतात, वाकला होता. चाकापाशी गेलास, खाली बसलास, झाकणावर नजर गेली, आणि उठलास तेव्हा तुझा चेहरा उतरलेला होता. पांढरा ठिपका तू बघितलास. बाबांनी तुझं पाप आपल्या अंगावर घेतलंय हे तुला त्या क्षणी कळलं. आणि मग तू सगळ्यांकडे वळून ते भाषण केलंस.

मी तुला विचारणारच होते, की तुला माहीत होतं का. आधीच्या दोन्ही पत्रांत हाच प्रश्न टाळला, कारण उत्तर नको होतं. आता विचारत नाही.

बाबांना मात्र विचारलं, की असं का केलंत. म्हणाले, त्याचं गॅरेज नवं आहे, नर्सचा हात मोडला हे त्याच्या नावावर लागलं तर त्याच्याकडे कोण गाडी देईल? मी म्हटलं, आणि तुमचं नाव? तर हसले. म्हणाले, म्हाताऱ्याला भलतंच ऐकू येतं म्हटलं तर कुणाला नवल वाटतं. नंतर दार वाजलं का, भांडं पडलं का, असं मला विचारायचे ते त्याच हिशेबानं होतं. कुणी संशय घेऊन हब उघडू नये म्हणून. मला तर हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, मग इतके दिवस माझ्याशी नाटक केलंत? बाबा सर्किलप बोटात फिरवत राहिले.

मग म्हणाले, "आधी मुद्दाम विचारायचो. आता खरंच विचारतो गं. मला कळेनासं झालंय."

हे वाक्य परत वाच. मी तुला ओरडायला बसले होते, पण हे लिहिल्यावर हात थांबला.

मी त्यांची परीक्षा घेतली. घ्यायला नको होती, पण घेतली. हत्तीण तशीच स्टँडवर होती. बाबांना शेजारी खुर्ची दिली, डोळे मिटायला सांगितले, झाकण परत लावून दोन्ही हब लॉक केले, इंजिन चालू केलं, गिअर टाकला आणि चाकं हळू फिरू दिली. तुझा लांब स्क्रूड्रायव्हर त्यांच्या कानाला, टोक अ‍ॅक्सलवर, आपल्याला शिकवायचे तसं. ते म्हणाले, डावा शाफ्ट, बुश फाटलाय, वॉशरही खाल्लाय. मग दुसऱ्या बाजूला नेलं. म्हणाले, उजवाही सुरू झालाय, थोडा, वर-खालीच आहे, आत-बाहेर नाही. मी उजवा सोडवून बघितला. त्यांनी सांगितलं तसंच, केसभर प्ले. मला हातानं धरून जेमतेम लागला, त्यांनी कानानं पकडला होता.

मी ओरडून सांगितलं, बरोबर आहे बाबा, सगळं बरोबर आहे. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मन राखायला म्हणतेस ना?"

माझ्या म्हणण्याला किंमत नाही, धाकट्या. नर्सबाई येऊन सांगून गेल्या, शिंप्यानं सांगितलं, त्यालाही नाही. त्यांना वाटतं आम्ही सगळे दयेपोटी बोलतो. तू चारचौघांत बोललास ते मात्र त्यांना खरं वाटतं. तू कशासाठी बोललास हे माहीत असूनही वाटतं. लेकाचं बोलणं असं आत जाऊन बसतं, हे तुला तुझी पोरं झाल्यावर कळेल. ज्यानं हे लावलं त्यालाच ते काढता येईल, दुसऱ्या कुणाला नाही.

म्हणून आता नीट ऐक. विनंती नाही ही.

उजव्या बाजूचं काम मी केलंय. नवा बुश, नवे वॉशर, झाकण, आणि वर माझे लाल ठिपके. डाव्या बाजूलाही नवा बुश घातला, शाफ्ट सरळ आहे तो बसवला, सांधा बदलला. सर्किलप बसवलेली नाही. झाकण उघडं ठेवून वर फडकं बांधलंय. या घरात ठिपक्याशिवाय गाडी बाहेर पडत नाही, ते तुला माहीत आहे. नर्सबाई रोज चौकशी करतात. पुढच्या सीटवरच बसणार म्हणतात, आणि ड्रायव्हर कोण ते त्यांनी विचारलेलंसुद्धा नाही, धरूनच चालल्यात. बाबा विचारतात, डावं का राहिलंय? मी म्हणते, माणूस यायचाय.

ते एकट्याचं काम नाही. शाफ्टच्या तोंडात बोल्ट घालून एकानं बाहेर ओढून धरायचा, तेव्हा कुठे खाच उघडी पडते आणि दुसऱ्याला सर्किलप बसवता येते. तू शहरात निघालास त्या दिवशी तुझे सासरे तुला न्यायला येऊन बाहेर गाडीत बसून हॉर्नवर हॉर्न वाजवत होते. नवा बुश घट्ट, शाफ्ट पुढे येत नव्हता आणि तू एकटाच झटत होतास. मी भिंतीपलीकडे होते. बाबा अंगणात होते. एक हाक मारायची होतीस. पुढचं गॅरेज स्वतःचं निघालं म्हणून मागच्या घरात हाक मारायला लाज वाटली का रे? हा राग मला सगळ्यात जास्त येतो, आणि तो कुणावर काढायचा हेच कळत नाही.

तर तू ये. किल्ली घेऊन ये. दुसरी करून घेता येते हे मलाही कळतं, पण बाबा तिला हात लावणार नाहीत. मोठ्या डॉक्टरांना आणि शिंप्याला मी बोलावून ठेवते, तेव्हा जितके होते तितके सगळे. त्यांच्यासमोर बाबांना सांग, की आवाज होता आणि तो तुम्ही ऐकलात. एवढंच. कारणं सांगत बसू नकोस, ती ऐकण्यात कुणाला रस नाही. तुझ्या गॅरेजचं काय व्हायचं ते होईल. सर्किलप विसरलेल्या मेकॅनिककडे माणसं परत गाडी घेऊन येतात. बापाला खोटं पाडणाऱ्याकडे मी तरी जाणार नाही.

मग बाबा शाफ्ट ओढून धरतील आणि तू सर्किलप बसव. तीच आहे, तेव्हा राहिलेली, कोरी करकरीत, बाबांच्या खिशात. खाचेत बसताना ती वाजते. बाबा मला विचारायला वळतील, वाजली का गं म्हणून. तेव्हा मी तोंड उघडणार नाही. तू सांगायचंस.

पिवळा डबा सुकून दगड झालाय. येताना नवा आण.

मी हॉर्न वाजवणार नाही.

वाट बघणारी,
तुझी ताई